खाडीत पेरलेली धोतरं

खाऱ्या पाण्याशी माझं लग्नापासूनचं वैर आहे. संग्रामपूर तालुक्यातलं आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. विहीर खोदा, बोअर मारा, खालून येतं ते मिठाचं पाणी. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पिकाला दिलं तर माती अशी आवळून येते की कुदळ मारली तर कुदळच उडून परत येते. सासरी आल्यावर पहिल्या घोटाला मी तोंड वाकडं केलं, तेव्हा सासू म्हणाली, "होईन सवय." नाही झाली. आता प्यायचं पाणी नळानं दुरून येतं, पण त्या विहिरीकडे पाहिलं की माझी जीभ आजही आखडते.

आणि गंमत पाहा, पोटची पोर शिकून-सवरून नोकरीला गेली ती खाऱ्या पाण्यातच. कोकणातल्या एका खाडीवर, जिथं समुद्र जमिनीत आत शिरतो आणि दिवसातून दोनदा भरतो, दोनदा ओसरतो. तिथं कांदळवन पुन्हा उभं करायचं काम तिच्याकडे होतं. कांदळवन म्हणजे समुद्राच्या पाण्यात पाय बुडवून उभी राहणारी झाडं, असं तिनं फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "मले येडी समजून राह्यली का तू? मिठाच्या पान्यात कुठं झाड जगते?" ती हसली. मला वाटलं, शहरात राहून पोरगी थापा मारायला शिकली.

पण पुढं ती रडकुंडीला यायला लागली, तेव्हा मी नीट ऐकायला लागले. खाडीच्या काठाला एक उघडा पट्टा होता. कधीकाळी तिथली झाडं तोडून, बांध घालून लोकांनी भात केला होता. मग बांध फुटला, खारं पाणी शिरलं, भात गेला, झाडं तर आधीच गेली होती. उरला नुसता चिखल. तिथं दोनदा रोपं लावून झाली होती आणि दोन्हीदा वाहून गेली होती. रोपं प्लास्टिकच्या पिशवीत यायची. लावताना पिशवी फाडली की मातीचा गड्डा सुटायचा आणि भरतीच्या पहिल्या लाटेबरोबर रोप निघून जायचं. पिशव्या तेवढ्या चिखलात राहायच्या. आता तिला थोडीशी जागा मिळाली होती, परीक्षा म्हणून. दिवाळीनंतर पैसे देणारे साहेब येऊन पाहणार होते. रोपं उभी दिसली तर सगळ्या पट्ट्याला पैसे मिळणार, नाही तर काम बंद, पट्टा कोळंबीच्या तळ्यांना जाणार आणि माझी पोर घरी येणार. घरी आली असती तर मला वाईट वाटलं नसतं, खोटं कशाला बोलू. पण ती हरून येणार होती, आणि ते मला पाहवलं नसतं.

आखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण झाला न झाला, तिचा फोन आला. "आई, जुनं सुती कापड पायजे. लहान लहान पिशव्या शिवून दे. पिशवीसगट रोप चिखलात लावू. मुळं धरेपर्यंत कापड माती धरून ठेवीन, मंग सडून जाईन."

"अन् पैसे?"

"पिशव्यांचा खर्च मंजूर नाही, आई."

मी शिलाईचं काम करते. गावातले निम्मे ब्लाऊज माझ्या मशीनखालून गेलेले आहेत, आणि जीभ माझी कात्रीपेक्षा धारदार आहे असं सगळे म्हणतात. मी म्हटलं, पैशाचं काय घेऊन बसली, मी आहे न. दुसऱ्याच दिवशी आळीतल्या बायांना सांगून टाकलं की समुद्रासाठी कापड द्या.

इथंच घोळ झाला. समुद्रासाठी म्हटल्यावर बायांनी काय आणावं? ब्लाऊजपीस. कोरे, घडी न मोडलेले, वर हळदी-कुंकवाची बोटं लावलेले. कोणी सोबत नारळ आणला, कोणी खारीक-बदाम. समुद्राची ओटी भरायची आणि जुनं कापड द्यायचं, हे कोणाच्या डोक्यातच बसेना. मी 'जुनं' म्हटलं होतं, पण सगळ्यांनी ते माझं संकोचाचं बोलणं समजलं. आणि मी तरी काय शहाणी, मीच दोन कोरे पीस काढून वर ठेवले होते. आमच्याकडे हे ब्लाऊजपीस असे फिरतात की विचारू नका. हिच्या लग्नात मिळालेला तिच्या डोहाळजेवणात जातो, तिथून तिसरीच्या वास्तूला, शिवत कोणीच नाही. त्या दिवशी अख्ख्या आळीच्या पेट्या माझ्या ओसरीवर रिकाम्या झाल्या.

मी पोरीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "आई, एक धागा काढून जाळून पाह्य." जाळला. त्याची काळी गोळी झाली. दुसरा जाळला, गोळी. टेरिकॉट, सगळं टेरिकॉट. पाच-सहा सुती रुबियाचे निघाले तेवढे राख झाले. "हे समुद्रात शंभर वर्षं सडनार नाही," पोरगी म्हणाली, आणि नारळाचं कळल्यावर इतकी हसली की मला राग आला. कोकणात नारळ पाठवणारी आमचीच आळी.

मग खरं सुती कापड शोधायला निघालो, आणि मला शरम वाटली. आमचा मुलूख कापसाचा. हंगामात मलकापूरच्या रस्त्याला कापसाच्या गाड्यांमागून गाड्या लागतात. आणि आमच्या घरांत सुती चिंधी सापडेना. साड्या सगळ्या नायलॉन-पॉलिस्टरच्या, पोरांचे पँट-शर्ट तसलेच, चादरीसुद्धा तसल्याच. सुती काय उरलं होतं, तर म्हाताऱ्या माणसांची धोतरं. जी माणसं गेली त्यांची, घड्या घालून पेटीच्या तळाशी ठेवलेली. घरात बाळ येणार असलं की आजाचं धोतर फाडून बाळोते करायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड बाळाच्या अंगाला टोचत नाही. आता डायपर आले, तरी धोतरं कोणी टाकत नाही.

ती मागायची म्हणजे तोंड उघडेना. शेवटी समोरच्या घरची काकू पहिली उठली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावात सगळ्यात पांढरं धोतर त्याचं असायचं, आणि ते तिच्या हातचं धुतलेलं. तिनं दोन धोतरं आणून माझ्या मशीनवर ठेवली. म्हणाली, "घे. झाडाचे बाळोतेच म्हन." मग बाकीच्या हलल्या. मी माझ्या सासऱ्याचं काढलं. आम्ही ओसरीवर बसून फाडलं, कापलं, शिवलं. दोराही सुतीच घेतला. कोणाची टीप वाकडी गेली की मी खेकसायची आणि त्या म्हणायच्या, "समुद्र काय तुह्यावानी नाव ठेवते का वो?" एकीनंही पैशाचं विचारलं नाही. एकीला विचारलं असतं तर तिनं मला झाडूनं मारलं असतं.

पिशव्या पार्सलनं गेल्या. पावसाळ्यात रोपं लागली. दिवाळी झाल्यावर पोरगी म्हणाली, साहेब येणार आहेत, तू पण ये. मलकापूरला रेल्वेत बसले, कल्याणला उतरले, पुढे बस.

समुद्र मी तोवर पाहिलेलाच नव्हता. आणि खरं सांगते, खाडी पाहिली तेव्हा माझा विरसच झाला. ओहोटी होती. दूरवर नुसता करडा चिखल आणि वास. मनात आलं, एवढ्यासाठी पोरगी घरदार सोडून राहिली?

"थांब," ती म्हणाली. आम्ही बांधावर बसलो.

आणि मग पाणी आलं. कसं सांगू. आवाज नाही, लोंढा नाही. आधी चिखलातल्या बारीक चिरा ओल्या झाल्या, मग त्या चिरांतून पाण्याची बोटं पुढं सरकली, मग बोटं एकमेकांना मिळाली, आणि मी पोरीशी दोन शब्द बोलून वळून पाहते तर समोर सगळं पाणीच पाणी, आभाळासकट. कोणी मोटर लावली नाही, कोणी वाफ्याला पाण्याचं बारं दिलं नाही. आमच्याकडे पाण्याच्या पाळीवरून भावाभावात डोकी फुटतात, आणि इथं एवढं पाणी दिवसातून दोनदा आपल्या पायानं येतं, प्रत्येक रोपाच्या बुडाशी सारखं पोचतं आणि निघून जातं. माझ्या अंगावर काटा आला. मी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तिनं मला होडीतून पलीकडच्या काठाला नेलं. तिथं जुनं कांदळवन शिल्लक होतं. आत शिरलो तसा उन्हाचा ताप गेला. तिनं तिवराच्या झाडाचं एक पान तोडून माझ्या हातात दिलं. "चाटून पाह्य." चाटलं. मीठ. पानावर मिठाचे बारीक कण चमकत होते. झाड मुळातून खारं पाणी पितं आणि मीठ पानावाटे बाहेर टाकून देतं. मी तिथंच थबकले. ज्या पाण्यापायी आमच्या जमिनी गेल्या, माणसांची आयुष्यं गेली, ते हे मुकं झाड गाळून पीत होतं. आजवर मला हे कोणी का सांगितलं नाही? मी दुसरं पान तोडलं, चाटलं. तिसरं तोडलं. पोरगी म्हणाली, "पुरे न आई, लहान पोरासारखी करून राह्यली." पण मला राहवेना.

त्या झाडाची मुळंही उलटी. चिखलातून बोटभर बोटभर वर आलेली, हजारोंनी, श्वास घ्यायला. आणि कांदळाचं बी तर झाडावर असतानाच उगवतं. आईला लोंबकळत हिरवा कोंब हातभर वाढतो, आणि मग खाली सुटतो तो सरळ चिखलात रुततो. पायाखाली चुटचुट आवाज चालला होता. निवट्या नावाचा मासा चिखलावर चालताना मी या डोळ्यांनी पाहिला, मासा आणि चालतो! मुळांच्या जाळीत माशांची पिल्लं ज्वारी सांडावी तशी पसरलेली. समुद्रातले कितीतरी मासे लहानपणी इथंच वाढतात आणि मग बाहेर जातात, असं पोरीनं सांगितलं. शिंपल्या वेचणाऱ्या एका बाईला मी विचारलं, पलीकडची झाडं गेली तर काय फरक पडला? ती म्हणाली, जाळ्यात काय येत होतं ते आता सांगितलं तर पोरं खोटं म्हणतात.

मग आम्ही आमच्या जागेवर आलो. रोपं उभी होती. सगळी नाही, पण पुष्कळ. गुडघ्याएवढीही नव्हती, तरी ताठ. मी एका रोपाच्या बुडाशी बोटं घालून चिखल उकरला, कोणाचं धोतर सापडतं का पाहायला. हाताला लागला एक बुळबुळीत धागा, आणि बाकी सगळी मुळं. पांढरी, बारीक, दाट. कापड नव्हतंच. मला आनंद झाला की रडू आलं, ते मलाच कळलं नाही. माझा सासरा, जन्मभर खाऱ्या जमिनीला शिव्या देत गेलेला माणूस, त्याचं धोतर इथं खाऱ्या चिखलात झाड धरून बसलं होतं.

साहेब आले. भला माणूस, उगीच कशाला नावं ठेवू. पँट वर करून चिखलात उतरले, रोपं मोजली, हलवून पाहिली, हातातले कागद चाळले. मग पोरीला म्हणाले, "फारच सुंदर काम. आणि एवढ्या कमी खर्चात मी कुठंच पाहिलेलं नाही. उरलेला सगळा पट्टा याच दरानं करू या."

मी तर फुलून गेले. पोरीकडे पाहिलं, तिचा चेहरा पडलेला.

तिला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाली, "आई, त्या कागदावर पिशव्यांसमोर 'लोकसहभाग' लिहिलं आहे. अन् त्याच्यासमोर शून्य."

"मंग बरोबरच आहे न. आपन कुठं पैसे घेतले?"

"म्हनूनच तं फसलो. उरलेला पट्टा केवढा आहे ते पाह्य. तेवढ्या पिशव्याले धोतरं कुठून आननार? तुह्या बाया किती दिवस फुकट शिवतीन? एकदा शून्याचा दर लागला की सगळं शून्यातच करा लागते. ते जमनार नाही, मंग पुन्हा प्लास्टिक, पुन्हा रोपं वाहून जातीन. अन् मंग कागदावर येईन की या खाडीत झाडं जगतच नाहीत."

"मंग तू बोलली काऊन नाही?"

"मी बोलली तं म्हनतीन, आधी फुकट झालं, आता महाग कसं?"

मला राग आला. कोणाचा, ते सांगता येत नाही. साहेबांचा नाही, पोरीचाही नाही. आम्ही जीव लावून केलं, आणि तेच तिच्या गळ्याशी आलं. मी तशीच चिखलातून साहेबांकडे गेले.

"साहेब, हे स्वस्त नाही. हे फुकट आहे. फुकट अन् स्वस्त येगळं असते. मी नातलगाचा ब्लाऊज फुकट शिवते, म्हनून दुकानाच्या पाटीवर 'शिलाई फुकट' लिहत नाही."

ते हसले, पण ऐकत होते. "मग ताई, तुम्हीच सांगा. एका पिशवीला काय धरायचं?"

शिलाई मी डोळे मिटून सांगितली, दोरा सांगितला. कापडाशी अडले. शेवटी म्हटलं, बाजारात मांजरपाटाचं जाडंभरडं सुती कापड मिळतं, तो भाव लावा. त्यांनी फोनवर हिशेब केला. बराच वेळ केला. मग म्हणाले, "पैसे आहेत तेवढेच आहेत, ताई. या दरानं पट्टा अर्धाच होईल."

मी पोरीकडे पाहिलं. तिनं लगेच सांगितलं, "चालेल सर. अर्धाच करू, पण नीट करू."

पट्ट्याच्या मध्यावर एक बांबू ठोकला. पलीकडचा अर्धा तसाच उघडा राहणार होता. मी बांधावर बसून रडले. माझ्या तोंडामुळं अर्धी जागा गेली असंच वाटत होतं. पोरगी पाय धुत म्हणाली, "खरा दर कागदावर गेला, आई. दुसऱ्या खाडीवाल्याले तो कामी येईन." गाडीत बसल्यावर माझ्या मनात आलं की मागं तिथली झाडं तोडली, तेव्हा त्यांच्यापुढंही कोणी तरी शून्यच लिहिलं असेल. मासे वाढवत होती, काठ धरून ठेवत होती, पण फुकट. म्हणून तोडताना कोणाला काही वाटलं नाही. आता तीच उभी करायला पैसे पुरत नाहीत.

घरी येऊन बायांना सांगितलं की आता मांजरपाट येणार, शिलाईचे पैसे मिळणार. सगळ्या खूश. पैसे कोणाला नको होते असं नव्हतं, फक्त आधी कोणी देऊ केले नव्हते.

दोन-तीन दिवसांनी दुपारची समोरची काकू आली. काखेत गाठोडं. ओसरीवर बसली, गाठ सोडली. धोतरं होती, घडीघडीत कडुलिंबाचा पाला घातलेला. होती नव्हती तेवढी सगळी.

"हे काय, काकू?"

"राह्यलेल्या अर्ध्यासाठी. तिकडं पैसे नाहीत न?"

मी तिला सगळं पुन्हा समजावलं. शून्याचं, दराचं, फुकटाचं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "समजलं मले. पन पैसे मी घेनार नाही."

"मंग धोतरं मी घेनार नाही." बोलताना जड गेलं, पण बोलले.

ती रागावली नाही. एका धोतराच्या काठावरून हात फिरवत राहिली. "फुकट दिलं तं ते तिथं माह्यं राह्यते, बाई. पैसे घेतले की इकून टाकलं. नवऱ्याचं धोतर इकू का मी?"

तिनं तोवर समुद्र पाहिला नव्हता, पाहणारही नव्हती. मी तिच्याकडे बघत राहिले. भरतीचं पाणी चढताना पाहिलं होतं तेव्हा जे वाटलं, तेच वाटलं.

मग तीच म्हणाली, "शिवायचे घेईन. बाकीच्या घेऊन राह्यल्या तेवढे. धोतराचे नाही."

मी तिच्यासमोरच पोरीला फोन लावला. सगळं सांगितलं आणि विचारलं, "हे तू कोन्या रकान्यात लिहिशीन? किंमत तं मले सांगता येत नाही. अन् शून्य मी लिहू देनार नाही."

तिकडून खाडीवरच्या वाऱ्याचा आवाज येत होता.

"असा रकाना नाही, आई," ती म्हणाली. "नवा पाडते."